लिंपलेला झरोका

अहेरीच्या शाळेत मी सातवीच्या वर्गावर होतो, तेव्हा लाकडं वाहणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. अहेरीला तार उशिरा पोचते, पण बल्लारशाहून सागवान न्यायला येणारे ट्रक रोज असतात. त्यामुळे आमच्याकडे निरोप, औषधं, नवरीचं लुगडं, सगळं ड्रायव्हरांच्याच हातून येतं. त्यानं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "गुरुजी, मूलच्या नाक्यावर एका बुढ्यानं देल्ला. म्हने, त्यायच्या हातातच द्या." अक्षर डोमाजीच्या गावच्या मास्तरांचं होतं. दोनच ओळी. "चि. डोमाजी मंगळवारी दुपारी नागपुरास वारला. तुम्ही आता रक्त द्यायला येऊ नये."

मी कागद हजेरीच्या पुस्तकात ठेवला आणि राहिलेला भूगोल शिकवला. कोणत्या नद्या शिकवल्या ते आता आठवत नाही, पण मुलांनी उत्तरं दिली आणि मी ती बरोबर आहेत म्हणालो, एवढं आठवतं. त्या दिवशी बाजार होता. शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखा पिशवी घेऊन गेलो. वाळल्या मासळीपाशी बसलेली बाई म्हणाली, "घ्या ना जी गुरुजी, तळ्याची हाये, नदीची नाई..." आणि मी तिच्या पाटीसमोर खाली बसलो, आणि मला उठताच येईना. ती बिचारी घाबरली. "काऊन जी, चक्कर आली का?" म्हणत तिनं मला पाणी दिलं. दर हिवाळ्यात डोमाचा बाप माझ्यासाठी अशीच वाळली मासळी पळसाच्या पानांत बांधून पाठवायचा.

या गोष्टीला आज सहा आठवडे झाले. डोमाजी कोण होता, हे या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. तो पुढारी नव्हता, त्याच्या नावावर एकही पुस्तक नाही. सिंदेवाहीच्या अलीकडे एका मोठ्या तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे, तिथला तो. त्या वस्तीतला पहिला मॅट्रिक, पहिला पदवीधर, आणि ज्याच्या घरात पदार्थविज्ञानाचं संशोधन झालं असा आमच्या चांदा जिल्ह्यातला मला माहीत असलेला एकच माणूस. त्याच्याबद्दल चांगलं लिहायला मला आनंदच वाटेल. पण आधी एक कबूल केलं पाहिजे. तो ज्या खोलीत काम करायचा, तिचा झरोका मी माझ्या हातांनी बंद केला होता. हे सांगितल्याशिवाय त्याची आठवण काढायचा मला अधिकार नाही असं वाटतं, म्हणून हा लेख.

डोमा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर डोमाभाऊ. मनात मात्र डोमाच. मी मूलजवळच्या धानाच्या गावचा. चांद्याला शिकलो आणि नागपूरच्या वसतिगृहात आलो तेव्हा आमच्या घराण्यात कुणी कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच जेवणाला मी वाढप्याला म्हणालो, "मले भात द्या." सगळी पंगत हसली. पुढे आठ दिवस मी खुणेनंच भात मागत होतो. एक दिवस समोर बसलेला काळासावळा, रुंद खांद्यांचा मुलगा मोठ्यानं ओरडला, "अन् मले बी द्या, अन् त्याले बी द्या!" मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "पेपरात 'मला' लिहीत जा. तोंडाले काय परीक्षा हाये?" मी त्या दिवशी पोटभर जेवलो. गणितात मी कच्चा होतो. ते त्यानं मला शिकवलं, पण त्याहून मोठी गोष्ट शिकवली ती प्रयोगशाळेत. उपकरणाला हात लावायची मला भीती वाटे. फुटलं तर? माझा हात हातात धरून त्यानं काचेच्या नळ्या कापायला, वितळवायला, ओढायला शिकवलं. "जाळं विणतेस तसं कर. धागा तान्हा असते, त्याले वढू नको." मी जाळं कधी विणलं नव्हतं, पण नळी नीट ओढली गेली. मी आज जो कुणी आहे, गुरुजी म्हणवतो, तो त्याच्या या हातांमुळे.

एम.एस्सी. झाल्यावर डोमा आमच्या सरांकडे संशोधनाला राहिला. विषय ऐकून आम्ही हसलो होतो. आपल्या ट्रंकेत कपड्यांना कसर लागू नये म्हणून ज्या डांबराच्या पांढऱ्या गोळ्या टाकतात, त्या नॅफ्थलीनच्या. त्याचा मोठा, स्वच्छ स्फटिक वाढवायचा आणि त्यात ध्वनी सोडायचा. साधा ध्वनी नव्हे. कानाला ऐकू येणार नाही इतक्या झपाट्याची थरथर, तिला पुस्तकात श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. क्वार्ट्झची एक पातळ चकती स्फटिकाला चिकटवतात, तिला वीज दिली की ती थरथरते, थरथर स्फटिकातून पलीकडच्या बाजूवर आपटून माघारी येते. हिरव्या पडद्यावर तिची शिखरं दिसतात, पहिलं उंच, पुढची ठेंगणी. ती किती ठेंगणी होत जातात यावरून स्फटिकानं किती ध्वनी गिळला ते कळतं. मिठाच्या स्फटिकात शिखरांची लांबच लांब रांग लागते. नॅफ्थलीनमध्ये मात्र दोन शिखरं, तिसरं असून नसल्यासारखं. एवढा ध्वनी जातो कुठे, हा डोमाचा प्रश्न होता.

सुटीत घरी हे सांगायला गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. माय म्हणाली, "आयकू येत नाई तं आवाज कायचा?" बाप गणपतबा जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "मुक्यानं बोंब मारली असन." डोमा हसला, पण उत्तर द्यायचं म्हणून तो बापाला घेऊन तळ्यावर गेला आणि डोंग्यात बसवून डोंगा हलवला. डोंग्याच्या तळाशी थोडं पाणी साचलं होतं. "पाह्य बा. डोंगा हालला तं आतलं पानी लगेच हालत नाई. उशिरा हालते. मंग ते डोंग्याच्या उलटंच हालते, अन् डोंगा थांबून जाते. या खड्याचा एकेक कन असाच हाये. त्याच्या पोटात त्याचं सोताचं हालनं हाये. भायेरचा धक्का पोटात पोचाले येळ लागते. पोचते तवरी लाट पुढं गेली राह्यते. मंग ते परत देता येत नाई, आतल्या आत गरम होते." गणपतबानं डोंग्यातल्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हून तं आमी पानी उपसून टाकतो." पुढे मी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला समजला तो त्या डोंग्यात.

सरांना हे पटलं नाही. सर वाईट नव्हते, कडक होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्फटिकात केसाएवढी भेग असली तरी ध्वनी तिथे विखुरतो, शिखरं ठेंगणी होतात. "रेणूच्या पोटाचं नंतर बोलू, डोमाजी. आधी भेग नसलेला स्फटिक आण." यात सगळं आलं. स्फटिक निर्दोष ठरला तर त्याचा आकडा खरा आणि त्याची पदवीही. नाही तर दोन वर्षं एका तडकलेल्या खड्याचं मोजमाप करण्यात गेली. आणि नॅफ्थलीन तर असं नाजूक की उबदार हातात घेतलं तरी आतून टिक् करून तडकतं. कॉलेजची प्रयोगशाळा पत्र्याखाली होती, दुपारी तापायची, पहाटे गार पडायची, विजेचा दाब वरखाली व्हायचा. एकामागून एक स्फटिक तडकले. तेव्हा डोमानं सरांची परवानगी घेतली आणि स्फटिक वाढवायचं काम आपल्या गावच्या घरी नेलं.

त्याच्या घरात मागच्या बाजूला बाळंतिणीची खोली होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, ठेंगणं दार, आणि वर आढ्याजवळ वीतभर झरोका. ना उन्हाचा ताव आत यायचा, ना थंडी. "मी बी इथीच झालो," तो म्हणाला, "खडा बी इथीच होईन." माय आधी कबूल होईना, धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. पण सून माहेरी गेली आणि खोली डोमाला मिळाली. यंत्र सगळं घरचं. पातळ नॅफ्थलीन भरलेली टोकदार नळी गरम तेलाच्या डब्यातून अगदी हळू, दिवसाकाठी बोटभर, खाली गार भागात उतरवायची असते, म्हणजे टोकापासून एकच स्फटिक वर वाढत जातो. मोठ्या प्रयोगशाळांत त्याला घड्याळी यंत्रं असतात. गणपतबानं मातीचा मोठा रांजण दिला, त्याच्या बुडाला सुईएवढं भोक पाडून त्यात सुताची वात घातली. पाण्यावर जाळ्याचा तुंबा, म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा, तरंगत ठेवला आणि तुंब्याला जाळ्याच्या सुतानं नळी बांधली. थेंब थेंब पाणी जायचं, तुंबा उतरायचा, नळी उतरायची. सरांनी नंतर हे ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोमाकडे पाहिलं होतं.

अडचण एकच होती. डब्याखाली तेलाचा दिवा होता आणि झरोक्यातून वारा आला की ज्योत हलायची, तेल निवायचं, स्फटिकात रेघ यायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी अहेरीहून थेट त्याच्याकडे गेलो. नोकरी लागून चार महिने झाले होते. डोमा म्हणाला, "शंकर, तू उंच हायेस. तो झरोका तेवढा लिंपून दे." मायनं अंगणात शेण, माती आणि धानाचा कोंडा पायांनी कालवला, गोळे करून दिले. मी उखळ पालथं घालून त्यावर उभा राहिलो. डोमा आत अंधारात बसून सांगत होता, "उजेड दिसते अजून... डाव्या कोपऱ्यात... आता नाई दिसत." शेजारची म्हातारी कुडावरून डोकावली. "काऊन वो, कोन बाळंत होऊन राह्यली?" माय म्हणाली, "माहा पोरगा!" सगळे हसलो. मी बोटांनी माती दाबून वरून हात फिरवला. ते काम मी फार मन लावून केलं होतं. चांगलं लिंपलं म्हणून मायनं माझी तारीफही केली.

पुढचं वर्षभर, जमेल तेव्हा, मी तिथे जात राहिलो. स्फटिक तयार व्हायची वेळ आली की गणपतबा दाराबाहेर उकिडवा बसायचा, तळ्यावर जायचा नाही. त्याचा कान फार तिखट होता. टिक् झालं की आतून आम्हाला कळायच्या आधी तो बाहेरून म्हणायचा, "गेला रे." मग चिलीम झटकून उठायचा. वस्तीतल्या बाया पाण्याला जाताना विचारायच्या, "काय झालं जी, पोरगा का पोरगी?" तो म्हणायचा, "फुटलं."

स्फटिक निघाल्यावर त्याच्या दोन्ही बाजू अगदी समांतर, गुळगुळीत कराव्या लागतात. त्यासाठी काचेवर बेंझिननं ओला केलेला फडका पसरायचा आणि त्यावर स्फटिक हळूहळू घासायचा. बेंझिनमध्ये नॅफ्थलीन विरघळतं, त्यामुळे ओरखडा राहत नाही. हे तासन् तास चाले, दार लावून, कारण वाऱ्याची झुळूक लागली तरी स्फटिक तडके. बेंझिन भडकन पेटतं, हे आम्हाला कॉलेजात पुन्हा पुन्हा बजावलं होतं. म्हणून बाटली उघडायच्या आधी डोमा दिवा विझवायचा, काड्याची पेटी खोलीबाहेर ठेवायचा आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेत बसून घासायचा. तेवढी खबरदारी त्यानं एकदाही चुकवली नाही. आगीची भीती आम्हाला शिकवली होती. श्वासाची कुणी शिकवली नव्हती. त्या वासाला गोडसर चव होती. माय चहा घेऊन आली की दारातूनच म्हणायची, "माथा भनभनते रे या वासानं. दार तं उघड." तो म्हणायचा, "थोडी कळ काढ माय, वारा शिरंन." ती चहा उंबऱ्यावर ठेवून जायची. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू द्यायचा नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात तो पाळ चढताना थांबू लागला. तळ्यात लहानपणापासून पोहलेला माणूस, पाळीवर बसून धापा टाकायचा. मांडीवर निळे डाग होते. "डोंग्यावर आपटलो असन," म्हणाला. कडुलिंबाची काडी चावली की हिरड्यांतून रक्त यायचं. वैदूनं काविळीचं औषध दिलं. मायनं कुणाची नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या. मीही काही शहाणा नव्हतो. मी त्याला म्हणालो, जरा दूध पीत जा. पदवीधर माणसानं दिलेला सल्ला हा.

दुसऱ्या दिवाळीला मी गेलो तेव्हा तो ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा. पण मला पाहून त्यानं मायला हाक मारली आणि कापसाच्या गादीत ठेवलेला स्फटिक आणायला लावला. हाताच्या पंजाएवढा. कापसासकट उजेडाकडे धरला तर तळ्याच्या पाण्याची वडी कापून आणल्यासारखा दिसत होता, आरपार. "याच्यात भेग नाई, शंकर. तीन दिवस पाहून राह्यलो. बानं बी कान लावला." गणपतबा मागून म्हणाला, "हा मुका हाये. पक्का मुका."

त्याला नागपूरला न्यायला उशीर झालाच. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे होते. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, डाग पाहिले, रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, हा काम काय करतो. मी सांगितलं. ते पुन्हा आत गेले, खुंटीवर लटकवलेला डोमाचा सदरा काढला आणि नाकाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग सदरा हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, "खोलीला खिडकी केवढी आहे?"

मी म्हणालो, "खिडकी नाही."

"नव्हतीच?"

"... होती."

सदरा त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही, पण हाडांच्या पोकळीत रक्त तयार होतं, आणि या बेंझिनची वाफ वर्षभर घेतली तर ते तयार होणं बंद पडू शकतं. आता दुसऱ्याचं रक्त भरत राहायचं, दुसरा उपाय नाही. माझं रक्त जुळलं. मी दिलं, वसतिगृहातल्या पोरांनी दिलं. माझं रक्त त्याच्या हातात उतरताना मी खाटेशी बसलो होतो. झरोक्याचं त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण तो म्हणाला, "खडा सरांकडं नेला का?" आणि मी स्फटिक आणायला निघालो. ते निमित्त झालं आणि मी सुटलो, असंच म्हटलं पाहिजे.

स्फटिक मी धानाच्या कोंड्यात पुरून, डब्यात घालून गावाहून आणला. मोटारीत मांडीवर, गाडीत मांडीवर. प्रयोगशाळेत सरांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी त्यांनी तो भिंगाखाली धरून सगळीकडून पाहिला, मग चकती स्वतः चिकटवली. पडदा हिरवा झाला. एक शिखर. दुसरं, ठेंगणं. तिसरं, असून नसल्यासारखं. सरांनी मोजलं, स्फटिक उलटा करून पुन्हा मोजलं, डोमाच्या वहीतले जुने आकडे शेजारी ठेवून पाहिले. मग ते खुर्चीत बसले. "तोच आकडा आहे," ते म्हणाले. "दीड वर्ष मी त्याला भेगा दाखवत राहिलो." मी तिथून जवळजवळ पळतच दवाखान्यात गेलो.

डोमानं डोळे उघडले. "तोच आला?"

"तोच."

"सरांनी पाह्यलं? त्यायच्या डोळ्यानं?"

"दोनदा."

"मंग भेग नव्हती," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "भेग नव्हती तं." गणपतबा पायाशी बसला होता. त्यानं मुलाच्या तळव्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्या सांगतलं होतं ना, मुका हाये." ती आमची शेवटची भेट. शाळेची रजा संपली होती, पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला येतो म्हणून मी अहेरीला परतलो. अकराव्या दिवशी ड्रायव्हर दारात उभा होता.

गेल्या आठवड्यात मी तळ्याकाठच्या त्या घरी जाऊन आलो. सरांनी स्फटिक परत दिला होता, तो काचेच्या बरणीत, मेणानं बंद करून मी घेऊन गेलो. नॅफ्थलीन उघड्यावर ठेवलं तर उडून जातं, हे तुम्ही ट्रंकेतल्या गोळ्यांवरून पाहिलंच असेल. बरणीतही त्याच्या कडा आता गोल झाल्या आहेत आणि काचेच्या गार बाजूला अभ्रकासारखे बारीक पापुद्रे जमले आहेत. गणपतबा तळ्यावर होता. माय एकटीच धान पाखडत होती. तिनं बरणी घेतली, पदरानं पुसली आणि त्याच खोलीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. खोली तशीच होती. बेंझिनच्या बाटल्या मी स्फटिक न्यायला आलो तेव्हाच हलवल्या होत्या. रांजण होता, तुंबा होता, जमिनीवर डब्याचा काळा गोल होता. वर माझ्या बोटांचे ठसे.

मी म्हणालो, "माय, हा झरोका उघडतो."

"काऊन?"

सांगितलं. सगळं. डॉक्टरांनी सदरा हुंगला ते, वाफेचं, हाडांचं. झरोका उघडा असता तर कदाचित... असं म्हटलं, आणि तो मी लिंपला असंही म्हटलं. ती सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला घराबाहेर काढील. दोन्हींची तयारी करूनच मी आलो होतो. तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग आणखी एक.

"माती कोनं कालवली होती रे?" तिनं विचारलं.

मी वर, लिंपणाकडे पाहिलं.

"सांग ना. कोनं कालवली?"

"तुम्ही."

"हं." तिनं सूप एकदा पाखडलं. "अन् दार उघड, दार उघड म्हनत होती मीच. पन म्या उठून उघडलं तं नाई ना."

मी तिला म्हणालो की त्याच्याबद्दल पेपरात लिहायचं मनात आहे, पण तुम्ही नको म्हणाल तर लिहिणार नाही. ती म्हणाली, "लिही. लोकायची पोरं शिकून राह्यली आता, त्यायले समजंन. पन एकट्याच्या अंगावर घेऊन लिहू नको. माती म्या कालवली, ते बी लिही."

ते मी लिहिलं.

मग ती उठली, कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, तिनंच आणून माझ्या हातात दिली. मी उखळ पालथं घातलं आणि वर चढलो. पहिला घाव घालणार, तोच ती म्हणाली, "थांब." तिनं कोनाड्यातून बरणी काढली, छातीशी धरली, बरणीच्या तोंडावर पदर दुहेरी करून घातला आणि ती ओसरीत, भिंतीच्या आडोशाला जाऊन बसली. तिथून तिनं हाक दिली.

"आता फोड."

माती वाळून दगड झाली होती, चार-पाच घाव घालावे लागले. ढेकूळ बाहेर पडलं, कोंबड्या ओरडल्या आणि रांजणापर्यंत ऊन आलं. मी खाली उतरून ओसरीत आलो. वारा सुटला होता. बरणीला मेण लावलेलं आहे, तिला वारा लागत नाही, हे मी मायला सांगू शकलो असतो. ती पदर घट्ट धरून बसली होती. मी तिच्याजवळ, वारा येत होता त्या बाजूला, आडोसा करून बसलो.